कागदावर सही होईपर्यंत

—हस, हस बाबा, आणखी हस. मी म्हटलं, तुझ्या बुटांचा चिखल काढायला मला दोन बादल्या पाणी लागणार आहे, आणि तू हसतोस. वर मान डोलावतोस. म्हणजे तुला गाढव म्हटलं तरी डोलावशील? गाढवा. — बघ, डोलावलीस. बरंय हे. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा कोणी पुरुष माझं सगळं मुकाट ऐकून घेतोय, आता त्याला त्यातलं अक्षर कळत नाही ही गोष्ट वेगळी. तुला आमची भाषा येत नाही, मला तुझी येत नाही — आमच्यात ती बायकांना शिकवतच नाहीत, पुरुष शिकतात, बाजारासाठी, बँकेसाठी, असल्या कागदांसाठी, बायकांना काय करायचीय — तेव्हा बस निवांत. आमचे हे यायला तासभर तरी लागेल. घोडा म्हातारा झालाय, त्यात टाइश्रोबभाऊजी, ते दुसरे कारभारी, राहतात तिसऱ्या वस्तीवर, आणि त्यांना कोट घालायलाच अर्धा तास लागतो. दारात तुझी एवढी मोठी गाडी उभी आहे, तिच्यातून गेले असते तर दहा मिनिटांचं काम. पण रबरी चाकं आमच्यात चालत नाहीत! आमच्या ट्रॅक्टरलासुद्धा लोखंडी चाकं असतात, आणि वसाहतीच्या कारभाऱ्यानं रबरी चाकांवर बसून फिरायचं? मग घोडाच बरा. सगळी जमीन विकायची ती विकायची, पण विकायला जाताना घोड्यानं जायचं.

खा की. ताटाकडे काय बघत बसलायस. मला सांगून गेलेत, आगानेथा, पाहुण्याला जेवू घाल. तू काही पाहुणा नाहीस, पण घालते. हे कलिंगड, आणि ह्या पिठाच्या पट्ट्या, आत्ताच तळल्यात. अरे वेगवेगळं नाही खात, एकत्र — एक घास याचा, एक घास त्याचा — हां, असं. आवडलं? आवडणारच. कलिंगड माझ्या परसातलं आहे. पुढच्या वर्षी तू तिथं सोयाबीन पेरशील, म्हणजे शेवटचंच समज. गिळ.

जमीन बघितलीस ना सकाळी? काय दाखवलं यांनी? दक्षिणेचा तुकडा दाखवला असणार, फ्रोझेच्या घरामागचा, काळाभोर, तोच दाखवतात सगळ्यांना. ओढ्याकडे नेलं का? नाही नेलं. तिकडे मीठ वर आलंय, समजलं? पांढरं, थर धरतं. पीक वीतभर वाढतं आणि पिवळं पडतं. नवव्या वस्तीवरची विहीर कडू झाली त्याला तीन वर्षं झाली, तिथली माणसं आमच्याकडून पाणी नेतात. आणि ऑगस्टात उत्तरेचा वारा सुटला की तू बघच — माती घरात, दुधात, दातांत, डोळ्यांत, उशीच्या अभ्र्यात. आम्हीच केलंय ते. झाडं तोडली ना सगळी. मी सात वर्षांची होते इथं आलो तेव्हा, हे सगळं रान होतं, दिवसासुद्धा अंधार, आणि माकडं अशी ओरडायची की माझी आई तोंडावर एप्रन घेऊन रडायची. आता एक माकड दाखव. — हे सगळं मी तुला अगदी खरं सांगतेय बरं का, एक शब्द खोटा नाही, आणि तू त्या पट्ट्या मोडून खातोयस. तुला कळलं असतं तर तो कागद फाडून आत्ताच्या आत्ता शहरात, सांताक्रूझला पळाला असतास. आणि हे मला... जाऊ दे. यांनी मला कधी हात लावलेला नाही. वाईट माणूस नाही माझा नवरा. नियमाचा आहे, एवढंच.

आम्हाला विकायची सवयच आहे म्हणा. माझ्या आजीनं कॅनडातलं घर विकलं, आईनं मेक्सिकोतलं विकलं, आता मी. म्हणजे आम्ही कुठल्या विकतोय — जमीन काही आमच्यात माणसाच्या नावावर नसते, दोन कारभाऱ्यांच्या नावावर असते सगळी, दोन म्हातारे पेन उचलतात आणि चौदा वस्त्या उठतात. आधी रान तोडायचं, विहिरी खणायच्या, पोरं जन्माला घालायची, पुरायची, चाळीस-पन्नास वर्षं झाली की जग जवळ येतं. मग उपासनेनंतर पुरुष मागं थांबतात, बायका बाहेर घोडागाड्यांत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतात, आणि दोन तासांनी पुरुष बाहेर येऊन सांगतात, चला, उठा. या वेळी विजेच्या खांबांवरून उठलो. रस्त्यापर्यंत आलेत खांब. रस्त्याकडच्या वस्त्यांतल्या पोरांनी खळ्यात लपवून मोबाइल ठेवलेले सापडले, एक नाही, एकोणीस. डीडरिशकाका — आमचे उपदेशक — ते म्हणाले, आता इथं आत्मे वाचायचे नाहीत. मग झालं. ईस्टर झाला की निघायचं. कुठं? मला विचारशील तर मला नीट माहीत नाही. दुसऱ्या देशात, कुठल्याशा नदीनं चार दिवस होडीतून जायचं, मग रान. पुन्हा रान. पुन्हा माकडं. मी यांना विचारलं, तिथं पत्र पोचतं का? म्हणाले, कोणाला लिहिणारेस तू पत्र?

पाणी देऊ? घे. हे गोड आहे, आमची विहीर चांगली आहे.

तुला वाटत असेल, म्हातारी घरासाठी चिडलीय. घर काय, घर पुन्हा बांधतात. पत्रे काढून नेणारच आहोत, खिडक्यासुद्धा. तुझ्यासाठी नुसत्या भिंती ठेवतोय, तू त्याही पाडशील, बुलडोझर लावून, मला ठाऊक आहे, पलीकडच्या वसाहतीत तसंच केलं तुम्ही, आता तिथं बघितलं तर कुठं रस्ता होता नि कुठं शाळा होती, काही सांगता येत नाही. तेच म्हणते मी. पाडायचं तर सगळं पाड, पण निदान ही थंडी जाऊ दे. निदान जुलै जाऊ दे, इथली थंडी तेव्हाच. ती येते तेव्हा रस्ता वाळलेला असतो, आणि ती आली आणि इथं नुसतं सोयाबीन असलं तर तिला कळणार कसं, की आपण फाट्यावर चुकलो की —

कोण ती? कोणी नाही.

युस्टीना. घे, घेतलं नाव. तू ऐकलंस? ऐकून काय करणारेस. या घरात सहा वर्षांत हे नाव कोणी उच्चारलेलं नाही, मी गोठ्यात उच्चारते कधीकधी, गाईंजवळ. माझी मुलगी. चार मुलगे आणि शेवटची ही. मंडळीतून काढलीय तिला, चर्चमधून. म्हणजे आता ती आमची नाही. काढलेल्या माणसाबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याचं नाव काढायचं नाही. मागच्या रविवारीच डीडरिशकाका म्हणाले, ज्या घरात काढलेल्यांची नावं घेतली जातात त्या घराला नव्या ठिकाणी तुकडा मिळणार नाही. कोणाकडे बघून म्हणाले? कोणाकडे नाही. पण टाइश्रोबभाऊजींची बायको माझ्याकडे बघत होती.

काय केलं होतं तिनं? तू विचारत नाहीस, पण सांगते. चोरी नाही केली. पोट घेऊन नाही आली, ते नंतर. तुझी भाषा शिकली. हसू नकोस — आता मात्र हसू नकोस हं. चीजच्या कारखान्यात कामाला जायची, कॅन धुवायला, तिथं शहरातनं ट्रक यायचा चीज न्यायला. त्या ड्रायव्हरकडून एकेक शब्द. पाणी म्हणजे काय, पाव म्हणजे काय. रोज एक. वहीत लिहायची, इकडे आपला शब्द, तिकडे त्यांचा, पाचवीपर्यंत शिकलेलं अक्षर पण काय सुंदर! गादीखाली सापडली मला, चादरी काढताना. तीन वर्षांची वही. मी उघडली, वाचली — म्हणजे आमच्याकडची बाजू वाचली. पाणी. रस्ता. थांब. दुखतंय. माझी आई. किती लांब. असं सगळं. आणि मला एवढा राग आला, बाबा. मला न येणारी गोष्ट माझ्या पोरीला येते आणि मला पत्ता नाही — तीन वर्षं माझ्या शेजारी बसून नूडल्स कापतेय आणि डोक्यात हे घेऊन बसलीय! मी त्याच दिवशी वही भट्टीत टाकली. पाव भाजायचे होते. त्याच भट्टीत पाव भाजले आणि आम्ही ते खाल्ले.

आणि मग मीच गेले डीडरिशकाकांकडे. हो, मीच. हे सांगत नाहीत घरात, सगळे म्हणतात कारखान्यातल्या कोणीतरी चुगली केली, यांनासुद्धा तेच वाटतं. मी गेले. मला वाटलं, चार शब्द बोलतील, ही रडेल, माफी मागेल, संपेल. माफी मागितली की संपतं आमच्यात, खरंच संपतं, पुन्हा कोणी तो विषय काढत नाही. उभी केली तिला सगळ्या पुरुषांपुढे. एकोणीस वर्षांची पोर. वाईट वाटतंय का, विचारलं. म्हणाली, माझ्या वहीत कुठला शब्द वाईट आहे तो दाखवा, त्याच्यापुरतं वाईट वाटून घेते. वही आणा म्हणाले. वही कुठून आणणार? वहीची राख मी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकली होती. तर ते म्हणाले, लपवतेय. उद्धट आहे. मी बाहेर गाडीत बसले होते. बियाच सोलत होते. मला आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की तिनं लपवली नाही, मी जाळली. बायका आत बोलत नाहीत. — बोलले असते तर काय केलं असतं त्यांनी? मला काय खाल्लं असतं?

गेली. त्याच ट्रकमधून. लग्न केलं म्हणे त्या ड्रायव्हरशी. चांगला आहे का वाईट, मला ठाऊक नाही, त्याचं तोंड मी काचेतून बघितलंय.

नको? आणखी नको? बरं, कॉफी ठेवते. बस.

दोनदा आली ती. गेल्याच्या गेल्या वर्षी आणि गेल्या वर्षी, दोन्ही वेळा थंडीत, रस्ता वाळल्यावर. फाट्यावर बसमधून उतरून तीन तास चालत. कडेवर पोर. यांनी फाटक उघडलं — सांगितलं ना, वाईट नाहीत — पण नियम. तिथं दाराशी ते छोटं स्टूल मांडलं, तिचं ताट वेगळं. तू परका, तू काढलेला नाहीस, म्हणून तू मोठ्या टेबलाशी बसून कोपरं टेकून खातोयस, आणि माझ्या पोटची पोर दाराशी. ती जेवली. पोरगी मात्र गेल्या वेळी उतरली आणि दुडदुडत आली माझ्याकडे, दोन वर्षांची, काळे काळे डोळे, हातात अर्धा चावलेला पाव, आणि तो माझ्यापुढे धरला. घे, म्हणून. आता सांग. आईला काढलंय, आईच्या हातून घ्यायचं नाही. पण पोरीच्या? पोरीला कोणी काढलं नव्हतं, ती कधी आत नव्हतीच. डीडरिशकाकांनी याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं, हे खिडकीबाहेर बघत होते. आणि मी नाही घेतला. पोरगी धरून उभी राहिली, धरून उभी राहिली, काहीतरी म्हणाली — तुझ्या भाषेत म्हणाली, तिला दुसरी येतच नाही — आणि मग स्वतःच खाल्ला. काय म्हणाली असेल? आजी म्हणाली असेल का? मी युस्टीनाला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

जाताना फाटकाशी म्हणाली, आई, दर थंडीत येईन, तू बोलली नाहीस तरी येईन. कुठं राहते तेही सांगितलं, सांताक्रूझमधल्या कुठल्याशा वस्तीचं नाव, मला ते तोंडात धरताच आलं नाही, गोठ्यापर्यंत जाईतो गेलं डोक्यातून. कागदावर लिहून घे म्हणाली असती तर घेतलं असतं का मी? नसतं घेतलं. तिच्या हातचा कागद.

यांना म्हटलं, एकदाच म्हटलं, जमीन घेणाऱ्याला सांगून ठेवा ना, त्याची भाषा तुम्हाला येते, कोणी आलं तर सांग म्हणावं अमुक ठिकाणी गेलेत. हे म्हणाले, जी नाही तिला निरोप कसला. आणि झोपले.

म्हणून बाबा. म्हणून मी सकाळपासून तुझ्याशी भांडतेय. कारण आता ईस्टरनंतर या जागेवर असणार तूच, दुसरं कोणी असणार नाही. तू नाहीतर तुझा कोणी माणूस. मला तुझं तोंड बघवत नाही, खरं सांगते, तुझे हे स्वच्छ दात, आणि ती घाणेरडी किल्ली टेबलावर वाजवतोयस ती — पण तूच आहेस. तर ऐक. ऐकतोयस? एक बाई येईल. बाई — ही अशी, माझ्यासारखी, पण तरुण, उंच, माझ्याहून एवढी उंच. कडेवर पोर, बघ, असं धरलेलं. चालत येईल. तिकडून, रस्त्यावरनं. तिला सांग — तिकडे, नदी, होडी, चार दिवस — कसं दाखवू मी तुला होडी? हे बघ, पाणी. हे पाणी. आणि ही चमचा-होडी. नाही रे, पाणी नकोय मला! पाणी नको! ठेव तो तांब्या खाली. तू काय समजतोस — मला पोर झालंय? पोर आजारी आहे? या वयात! देवा, दगडाला कळलं असतं. पोर, माझी पोर, माझ्या पोटातून आलेली, इथून, मोठी झाली, गेली, येणार. गेली — येणार. गेली. येणार.

काय ते? ते काय काढलंस? मोबाइल. ठेव आत, आमच्याकडे चालत नाही, ठेव म्हणते ना — कोण ही? तुझी? झगा घातलेली, दात पडलेले? तुझी मुलगी आहे का ही? हो! हो, हेच! हेच म्हणतेय मी! हिला काय म्हणता तुम्ही? तू आत्ता काय म्हणालास? पुन्हा म्हण. पुन्हा. — ईहा. ईहा? ईहा म्हणजे ही, मुलगी. आणि माझी? हे बघ, मी. माझी. मी ईहा. माझी ईहा. रस्त्यावरून ईहा. समजलं ना तुला? समजलं, तुझ्या डोळ्यांत दिसतंय, समजलं! किती सोपं आहे रे. एवढासा शब्द. असा एक रोज, तीन वर्षं. आणखी एक दे मला. येणार याला काय म्हणता? येणार. इकडे. चालत, इकडे —

आलात? लवकर आलात तुम्ही. या टाइश्रोबभाऊजी, या, टोपी द्या इकडे. काही नाही, जेवत होते ते, पोटभर जेवले. मी? मी कुठं बोलत होते, त्यांना काय कळतंय. कॉफी ठेवलीय, उतरवते. पेन त्या खिडकीत आहे. — काय म्हणतोय तो? अहो, तुम्हाला काय विचारतोय? मला काय माहीत, मला येते का त्याची भाषा. — मुलगी? कोणाची मुलगी? भाऊजी, असे बघू नका माझ्याकडे. त्याच्या पोरीचं चित्र दाखवत होता मोबाइलवर, मी तोंड फिरवलं, त्याचाच काहीतरी घोटाळा झालाय. सांगा त्याला. अहो, खिडकीबाहेर काय बघताय, सांगा ना. आम्हाला मुलगी नाही म्हणावं. — पुन्हा सांगा, त्याला पटलं नाही, बोट करतोय माझ्याकडे. चार मुलगे आहेत, चौघांचीही लग्नं झालीत, मुलगी नाही, नव्हतीच, असं सांगा. — झालं सांगून? मग करा सह्या. मी ताट उचलते.